काटा कोणाचा?

माझे वडील ऊस लावत. तोड झाली, गाडी भरली, की त्यांचा जीव कारखान्याच्या काट्यापाशी अडकलेला असे. वजन कारखाना करणार, पावती कारखाना देणार आणि त्या पावतीवर घरचा वर्षाचा हिशेब उभा राहणार. एका हंगामात त्यांनी वाटेतल्या खाजगी काट्यावर गाडी आधी तोलून घेतली. दोन पावत्यांत फरक निघाला. किती, ते आता आठवत नाही, आठवते ते काट्यावरच्या माणसाचे उत्तर : "बाहेरचा काटा आम्ही धरत नाही."

पुढे मी स्वतः काट्यावरच नोकरीला लागलो. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत वजनकाट्यावर कारकून म्हणून एकवीस वर्षे काढली. ट्रक रिकामा तोलायचा, भरलेला तोलायचा, वजाबाकी लिहायची. ठरावीक मुदतीने वैध मापन खात्याचा निरीक्षक यायचा, आपली प्रमाणित वजने लावून काटा तपासायचा, शिक्का मारायचा. तो शिक्का कंपनीचा मालक स्वतः मारू शकत नसे, मग तो कितीही सचोटीचा असो. भाजीवाल्याच्या शंभर ग्रॅमच्या वजनालाही हाच नियम. त्यात भाजीवाल्याचा अपमान आहे असे कोणी मानत नाही.

मी भौतिकशास्त्र शिकलेलो नाही. किरणोत्सर्गाबद्दल जे कळते ते वाचून, शब्दकोश शेजारी ठेवून आणि जाणकारांना पत्रे लिहून मिळवलेले आहे. पण बोईसरहून दहा-बारा किलोमीटरवर तारापूरचे अणुवीज केंद्र आहे. 1969 साली त्याच्या पहिल्या दोन भट्ट्यांतून व्यापारी तत्त्वावर वीज सुरू झाली, आणि तेव्हापासून त्या परिसरातली हवा, पाणी, माती, दूध, मासळी यांची मोजणी चालू आहे. या मोजण्यांचे अहवाल गेली पंधरा वर्षे मी गोळा करतो आणि वाचतो. शास्त्रज्ञाच्या नव्हे, काट्यावरच्या कारकुनाच्या नजरेने. या लेखात त्या अहवालांची, आणि जगात इतरत्र अशा मोजण्या कशा जुळवल्या जातात त्या पद्धतींची, समीक्षा करायची आहे. समीक्षा हा शब्द जाणून वापरतो. अहवाल हाही एक वाङ्मयप्रकार आहे. त्याचा निवेदक असतो, गृहीत धरलेला वाचक असतो आणि त्यात मौनाच्या जागा असतात.

मराठीत अणुऊर्जेवर जे लिहिले गेले त्याचे ढोबळमानाने दोन तट पडतात. एका तटावर विज्ञानप्रसाराचे लेखन : केळ्यातही पोटॅशियममुळे किरणोत्सर्ग असतो, विमानप्रवासातही असतो, तेव्हा घाबरू नका. दुसऱ्या तटावर चळवळीचे लेखन : हिरोशिमा, चेर्नोबिल, व्यंग असलेल्या मुलांची छायाचित्रे, तेव्हा घाबरा. दोन्हींतली तळमळ मी नाकारत नाही. पण दोघेही मोजणीच्या तक्त्याजवळ थांबत नाहीत. पहिल्यांना आकडा आधीच पटलेला असतो, दुसऱ्यांनी तो आधीच फेटाळलेला असतो. आकडा वाचायचे काम तसेच पडून राहते.

आता व्यवस्था काय आहे ते पाहू. देशातल्या प्रत्येक अणुवीज केंद्राजवळ भाभा अणुसंशोधन केंद्राची पर्यावरण सर्वेक्षण प्रयोगशाळा असते. केंद्र सुरू होण्याच्या काही वर्षे आधी ती स्थापन होते, म्हणजे मूळची पातळी नोंदली जावी. केंद्रापासून सुमारे तीस किलोमीटरच्या परिघातून ती नमुने घेते. नमुन्यांवरून, कुंपणालगत राहणाऱ्या माणसाला वर्षभरात किती मात्रा मिळेल याचा हिशेब होतो आणि तो सर्वसामान्यांसाठीच्या मर्यादेशी, म्हणजे वर्षाला 1000 मायक्रोसीव्हर्टशी, ताडून पाहिला जातो. निसर्गातून माणसाला जगाच्या सरासरीने वर्षाला 2400 मायक्रोसीव्हर्ट मिळतात, हेही सोबत सांगितले जाते. अहवालांतला हिशेब दरवर्षी मर्यादेच्या फार खाली असतो. आकडे खोटे आहेत असे मला म्हणायचे नाही, तसे मानायला माझ्याकडे आधारही नाही. माझा प्रश्न वडिलांचाच आहे : काटा कोणाचा आणि शिक्का कोणाचा?

त्याआधी तक्त्यातल्या एका शब्दापाशी थांबायला हवे. मी पाहिलेल्या कित्येक तक्त्यांत सिझियम-137 किंवा आयोडीन-131 च्या रकान्यात आकडाच नसतो. तीन अक्षरे असतात, बीडीएल. अर्थ, शोधमर्यादेच्या खाली. वाचणाऱ्याला वाटते, काहीच नाही. पण शोधमर्यादा हा नमुन्याचा गुण नसून मोजणाऱ्याचा असतो. नमुना किती किलोचा घेतला, यंत्रात किती तास ठेवला, यंत्राभोवती शिशाचे कवच किती जाड आहे, यावर ती ठरते. तोच मासा एका प्रयोगशाळेने तासभर मोजला तर 'मर्यादेखाली', आणि दुसरीने रात्रभर मोजला तर त्याच माशाला आकडा मिळतो. दोघांतले कोणीच खोटे बोलत नाही. माझ्या काट्यावर दहा किलोच्या खालचे वजन उमटत नसे. म्हणून ट्रकमध्ये पाच किलोची गोणी नव्हतीच असे मी लिहिले असते तर ते चूक झाले असते.

ब्रिटनमध्ये 1995 सालापासून दरवर्षी एक अहवाल निघतो, अन्नातील व पर्यावरणातील किरणोत्सर्गाचा. जाडजूड असतो. त्यात अशा जागी 'पेक्षा कमी'ची खूण आणि तिच्यापुढे संख्या छापलेली असते. हा फरक मला केवळ छपाईच्या सोयीचा वाटत नाही. तीन अक्षरे दार लावून घेतात. खूण आणि संख्या वाचकाला सांगतात : आमची नजर इथवर पोचते, पुढचे आम्हाला दिसत नाही. दुसऱ्या प्रयोगशाळेला त्या संख्येवरून तुलना करता येते, अक्षरांवरून येत नाही. आमच्याकडे काही तक्त्यांच्या तळटीपेत मर्यादा दिलेली असते, काहींत नसते. जिथे नसते तिथे दोन वर्षांची, दोन केंद्रांची, दोन प्रयोगशाळांची जुळवणी तिथेच थांबते.

त्या ब्रिटिश अहवालाचे दुसरे वैशिष्ट्य म्हणजे तो प्रकल्प चालवणारे काढत नाहीत. पर्यावरण आणि अन्नसुरक्षा पाहणाऱ्या, इंग्लंड, वेल्स, स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंड इथल्या यंत्रणा तो मिळून काढतात. प्रकल्पवाल्यांची मोजणी वेगळी चालूच असते.

पण मला त्याच्यामागची जुनी कहाणी अधिक मोलाची वाटते. इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावर कंब्रियात विंडस्केल, म्हणजे आजचे सेलाफील्ड. 1950 च्या दशकापासून तिथल्या इंधन-प्रक्रियेचे सांडपाणी नळाने आयरिश समुद्रात सोडले जाई. किती सोडायला हरकत नाही हे ठरवताना प्रश्न आला की सर्वात जास्त मात्रा कोणाला मिळेल. सहज उत्तर होते : जवळ राहणाऱ्याला. ते उत्तर चुकले. त्या किनाऱ्यावरच्या खडकांवर पॉर्फिरा नावाचे समुद्रशेवाळ उगवते. ते गोळा करून रेल्वेने दूर दक्षिण वेल्सला जाई. तिथे ते तासन् तास शिजवून त्याचा काळपट हिरवा लगदा करत. त्याला लेव्हरब्रेड म्हणतात, आणि स्वान्सीच्या बाजारात तो खाणकामगारांच्या घरांतले लोक आवडीने विकत घेत. समुद्रातले रुथेनियम-106 हे शेवाळ आपल्यात साठवून घेई. म्हणजे विंडस्केलच्या सांडपाण्याचा खरा शेजारी शेकडो किलोमीटरवर, दुसऱ्याच प्रांतात, सकाळच्या न्याहारीला बसलेला होता.

हे कळले कसे? कोणीतरी बाजारात जाऊन विचारले म्हणून. सरकारच्या मत्स्य खात्याच्या शास्त्रज्ञांनी शेवाळ कोण काढतो, कुठे पाठवतो, कोण किती खातो याची पाहणी केली, आणि सांडपाण्याची परवानगी त्या जास्त खाणाऱ्या थोड्या लोकांच्या ताटावरून बेतली. सरासरी इंग्रज माणसाच्या ताटावरून बेतली असती तर त्या लोकांचा पत्ताच लागला नसता. 1970 च्या दशकात कंब्रियातून शेवाळ पाठवणे थांबले तेव्हा लक्ष स्थानिक मासे-शिंपले खाणाऱ्यांकडे वळले. पुढे रिबल नदीच्या मुखाशी नावघरांत राहणाऱ्यांचाही हिशेब स्वतंत्र होऊ लागला, कारण त्यांच्या घराखालीच चिखल होता. लोकांच्या सवयी बदलतात तशी मोजणीही बदलते. आणि सवयी विचारायला यंत्र लागत नाही; घरोघर फिरणारे पाय लागतात.

मी हे वाचले तेव्हा डोळ्यांसमोर पालघरचा किनारा आला. दांडी, घिवली, चिंचणी इथल्या मांगेला बायका वाळवणावर बोंबील टांगतात, जवळा पसरतात. सुकी मासळी आठवडी बाजारांतून आत, डोंगरातल्या पाड्यांपर्यंत जाते. किनाऱ्यावरच्या घरात मासळी दोन्ही वेळेला असते. मी पाहिलेल्या प्रकाशित तक्त्यांत मासळीतला किरणोत्सर्ग असतो, मात्रेचा हिशेबही असतो. तो हिशेब कोणाच्या ताटाचा, दिवसाला किती ग्रॅम मासळी धरून केलेला, ते तक्त्याजवळ छापलेले नसते. ही उणीव भरून काढायला कोट्यवधी रुपये लागणार नाहीत. घिवलीतल्या कोणत्याही आजीबाईने एका संध्याकाळी ते सांगितले असते.

समन्वय हा शब्द सरकारी मराठीत फार वापरून गुळगुळीत झाला आहे. 'संबंधित यंत्रणांच्या समन्वयाने' असे लिहिले की कोणी काय करायचे ते लिहावे लागत नाही. आणि व्यवहारात समन्वयाचा अर्थ बहुतेकदा एकाच तोंडाने बोलणे असा होतो. मोजणीच्या बाबतीत हा अर्थ घातक आहे. मोजणीतला समन्वय म्हणजे माप एक आणि हात अनेक. त्याची गरज जगाला शिकवली ती एका बुटाने.

28 एप्रिल 1986, सोमवार. स्वीडनमधल्या फोर्समार्क अणुवीज केंद्रात सकाळी एक कर्मचारी तपासणीच्या यंत्राजवळून जात असता ते वाजले. किरणोत्सर्ग त्याच्या बुटांना लागलेला होता. आपल्याच भट्टीतून गळती झाली या समजाने केंद्रातल्या लोकांना बाहेर काढण्यात आले. पण देशाच्या इतर भागांतल्या नोंदीही चढलेल्या निघाल्या. स्वीडनच्या संरक्षण-संशोधन संस्थेने अण्वस्त्र-चाचण्यांवर नजर ठेवण्यासाठी हवा गाळणारी केंद्रे उभारलेली होती. त्या गाळण्यांवरची द्रव्ये आणि वाऱ्याची दिशा जुळवली तेव्हा बोट सोव्हिएत संघाकडे वळले. चेर्नोबिलचा स्फोट 26 तारखेच्या पहाटे, अकराशे किलोमीटरवर झालेला होता. मॉस्कोने चार वाक्यांची बातमी दिली ती 28 च्या रात्री नऊ वाजता. स्वीडनचे एकच केंद्र असते, किंवा सगळ्या केंद्रांची नोंद फोर्समार्कच्याच हाती असती, तर हा उलगडा त्या दिवशी झाला असता असे वाटत नाही.

त्याच वसंतात दुसरी बाजूही दिसली. हात अनेक होते, पण माप एक नव्हते. पश्चिम जर्मनीत संघ सरकारने दुधातल्या आयोडीन-131 साठी लिटरला 500 बेकेरेलची सीमा सुचवली, तर हेसे राज्याने 20 ची. पाटी ओलांडली की तेच दूध पिण्याजोगे किंवा ओतून देण्याजोगे. घराघरांत आया हवालदिल झाल्या आणि तज्ज्ञांवरचा विश्वास उडाला तो किरणोत्सर्गाच्या पातळीमुळे जितका, तितकाच या विसंगतीमुळे. त्याच वर्षाच्या डिसेंबरात जर्मनीने स्वतंत्र कायदा केला, आणि देशभर एकाच पद्धतीने मोजणारे जाळे विणले. आज त्यात सुमारे 1700 यंत्रे आहेत. शिवाय प्रत्येक अणुकेंद्राभोवती दुहेरी मोजणी सक्तीची आहे : एक चालवणाऱ्याने करायची, दुसरी त्याच्याशी संबंध नसलेल्या प्रयोगशाळेने. दोन काटे, दोन पावत्या. माझ्या वडिलांना हे फार आवडले असते.

युरोपचा अणुऊर्जा-करार 1957 चा. त्याच्या पस्तिसाव्या कलमाने प्रत्येक सदस्य देशाने हवा, पाणी, मातीची सतत मोजणी करायची आणि युरोपीय आयोगाला ती यंत्रणा येऊन तपासायचा हक्क आहे. छत्तिसाव्याने नोंदी आयोगाला कळवायच्या. आज युरोपातल्या हजारो यंत्रांचे आकडे एका समाईक व्यवस्थेत येतात आणि कोणालाही नकाशावर पाहता येतात. अर्थात एका नकाशावर आले म्हणजे एका मापाचे झाले असे नाही. कुठे यंत्र गवतावर एक मीटर उंचीवर असते, कुठे इमारतीच्या गच्चीवर. म्हणून ही मंडळी अधूनमधून आपापली यंत्रे एका मैदानात आणून शेजारी शेजारी लावतात आणि कोणाचे किती चुकते ते पाहतात. ते प्रमाणित वजन लावून काटा तपासण्यासारखेच आहे.

सरकारी चौकटीबाहेरही अशी एक जुळवणी आहे. 1980 च्या दशकात पाच उत्तर युरोपीय देशांतल्या प्रयोगशाळांनी आपसांत हवेतल्या नोंदी कळवायला सुरुवात केली. करार नाही, कार्यालय नाही. फक्त ओळखीचे सहकारी. नाव पडले 'पाचांचे कडे'. आता त्यात पुष्कळ देश आहेत, नाव तेच राहिले. 2017 च्या ऑक्टोबरच्या पहिल्या दिवसांत इटलीतल्या सहकाऱ्याने कळवले की हवेत रुथेनियम-106 दिसते आहे. बघता बघता युरोपभरातून तीच बातमी आली. कोणाला इजा होण्याइतके ते नव्हते. पण आले कुठून? कोणत्याही देशाने अपघाताची कबुली दिली नाही. या कड्याच्या शास्त्रज्ञांनी तेराशेहून अधिक नोंदी एकत्र केल्या आणि 2019 साली शोधनिबंध प्रसिद्ध केला; उगम उरल पर्वताच्या दक्षिणेला, वापरलेल्या इंधनावर प्रक्रिया करणाऱ्या ठिकाणी असावा असा त्यांचा निष्कर्ष. रशियाने तो मानलेला नाही. तरीही नोंद झाली ती झालीच. रुथेनियम हेच ते लेव्हरब्रेडमधले द्रव्य, हे सुज्ञ वाचकाच्या लक्षात आले असेल.

जपानची गोष्ट मात्र जाळे असूनही हरल्याची आहे. फुकुशिमा प्रांताची अणुकेंद्रांभोवती 24 मोजणी-ठाणी होती. 11 मार्च 2011 च्या भूकंप-त्सुनामीनंतर त्यांतली 23 निकामी झाली. काही वाहून गेली, बाकीच्यांचे संपर्काचे तार तुटले. जी यंत्रणा अपघाताच्या दिवशी उपयोगी पडावी म्हणून बांधली, ती अपघातच सोसू शकली नाही. स्पीडी नावाची संगणकप्रणाली वारा आणि भूगोल धरून किरणोत्सर्ग कुठे जाईल याचे अंदाज काढत होती. भट्टीतून किती बाहेर पडते हा आकडा तिच्याकडे नव्हता, म्हणून ते अंदाज विश्वासार्ह नाहीत असे मानून बाजूला ठेवले गेले. जनतेपुढे पहिला आला 23 मार्चला. तोवर नामिए गावचे हजारो रहिवासी सुरक्षित म्हणून वायव्येच्या त्सुशिमा भागात जाऊन राहिले होते, आणि ढग त्याच दिशेने गेला. अमेरिकेने विमानातून केलेल्या मोजणीचे नकाशेही त्याच दिवसांत जपान सरकारच्या हाती आले होते. ते लोकांना हलवण्यासाठी वापरलेच गेले नाहीत, हे पुढच्या वर्षी उघड झाले. तीस-चाळीस किलोमीटरवरच्या इइताते गावाला हलण्याची सूचना मिळाली ती एप्रिलच्या उत्तरार्धात.

म्हणजे माहिती होती. एका खात्याकडे अंदाज, दुसऱ्याकडे गाड्यांतून केलेल्या मोजण्या, तिसऱ्याकडे परक्यांचे नकाशे. नव्हता तो त्यांना एका टेबलावर आणणारा हात. मोजणीच्या समन्वयासाठी सर्व खाती, प्रांत आणि कंपनी यांची एकत्र बैठक भरून सर्वंकष आराखडा मंजूर झाला तो ऑगस्टच्या 2 तारखेला, साडेचार महिन्यांहून अधिक काळ गेल्यावर.

त्या मधल्या पोकळीत नागरिक शिरले. 'सेफकास्ट' या गटाने गाडीच्या खिडकीला लावायचे एकाच बनावटीचे यंत्र तयार केले. गाडी चालते तसे ते दर पाच सेकंदांनी जागा आणि पातळी टिपून ठेवते. सगळ्या नोंदी कोणालाही, कशासाठीही वापरायला खुल्या केल्या. हा गट अणुऊर्जेच्या बाजूचाही नाही, विरोधाचाही नाही, असे तो पहिल्यापासून सांगत आला. मला यातली गोम वाटते ती 'एकाच बनावटीचे' या शब्दांत. हौशी माणसांनी बाजारातली मिळतील ती यंत्रे घेऊन मोजले असते तर आकड्यांचा गोंधळ माजला असता, आणि अधिकाऱ्यांना ते झटकून टाकणे सोपे गेले असते.

पुढे सरकारने शाळा, उद्याने, गावचावड्यांपाशी आकडा दाखवणारी हजारो यंत्रे उभारली. काही ठिकाणी तक्रार झाली की यंत्राखालची माती बदललेली, जमीन साफ केलेली. चार पावलांवर गटाराच्या कडेला वेगळा आकडा दिसतो. दोन्ही आकडे खरेच असतात. पावसाच्या पाण्याबरोबर सिझियम वाहत जाऊन खोलगट जागी साचते. पण मूल यंत्राखाली खेळत नाही, गटाराकडेला खेळते. 2018 साली अणुनियामकाने ठरवले की पातळी उतरलेल्या भागातली सुमारे 2400 यंत्रे काढून टाकावीत. शास्त्रीयदृष्ट्या कारण पटण्याजोगे होते. लोकांनी विरोध केला, सभांमागून सभा झाल्या, आणि पुढच्या वर्षी तो निर्णय मागे ठेवावा लागला. ज्या यंत्रावर विश्वास नव्हता तेच हलवू नका, असे लोक म्हणत होते. मला त्यात विसंगती दिसत नाही. काट्यावर संशय असलेला शेतकरीसुद्धा काटा काढून टाका म्हणत नाही.

आता परत घरी. आपल्याकडे वीज बनवणारे महामंडळ अणुऊर्जा विभागाचे, परिसर मोजणारे भाभा केंद्र त्याच विभागाचे. देशभर पसरलेले स्वयंचलित मोजणी-जाळे आहे, शेकडो यंत्रांचे. तेही भाभा केंद्राचेच. 1983 साली अणुऊर्जा नियामक मंडळ आले. 2012 साली महालेखापरीक्षकांनी या मंडळाच्या कारभाराची तपासणी करून अहवाल संसदेपुढे ठेवला. मंडळ केंद्र सरकारच्या अधीन राहिले आहे, आणि किरणोत्सर्गाच्या देखरेखीची जबाबदारी केंद्र चालवणाऱ्यांकडेच आहे, नियामकाला स्वतः स्वतंत्रपणे मोजण्यात थेट वाटा नाही, असे त्यात नोंदवले आहे. स्वायत्त प्राधिकरणाचे 2011 चे विधेयक 2014 मध्ये लोकसभेबरोबर बरखास्त झाले. कायद्याने मंडळाला कोणताही दर्जा दिला तरी माझा मुद्दा तिथेच राहतो. दर्जा कागदावर येतो, काटा जमिनीवर लागतो.

या क्षेत्रातल्या एका निवृत्त गृहस्थांशी माझा वाद झाला होता. ते म्हणाले, "अहो, तुमच्यासारख्यांच्या हातात यंत्र दिले तर ग्रॅनाइटच्या पायरीवर ठेवून बोंब माराल." खरे आहे. ग्रॅनाइटवर आकडा चढतोच, आणि केरळच्या मोनाझाइट वाळूवर तर कितीतरी चढतो. पण त्याच्यावरचा उपाय यंत्र काढून घेणे हा नव्हे. फुकुशिमाच्या साठवलेल्या पाण्याचा विसर्ग 24 ऑगस्ट 2023 पासून सुरू झाला तेव्हा शेजारी देश चिडलेले होते. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने तिथे जे केले ते अगदी साधे आहे. एकाच नावेतून समुद्राचे पाणी घ्यायचे, तेच पाणी बाटल्यांत वाटायचे, बाटल्या मोनॅकोतल्या आणि निरनिराळ्या देशांतल्या प्रयोगशाळांना द्यायच्या, आणि सगळ्यांचे आकडे शेजारी शेजारी छापायचे. नमुने घेताना कोरिया आणि चीनचे शास्त्रज्ञही नावेवर होते. जपानवर विश्वास ठेवा असे कोणी चीनला सांगितले नाही, बाटली दिली. राजकीय भांडण त्याने मिटले नाही, पण पाण्यात काय आहे यावरचा वाद आकड्यांच्या चिमटीत आला.

आपल्याकडे हे परके नाही. कारवारजवळच्या कैगा केंद्राभोवतीच्या नैसर्गिक किरणोत्सर्गाचा अभ्यास मंगळूर विद्यापीठातल्या भौतिकशास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षे केला आहे, आणि तो अणुऊर्जा विभागाशी भांडून नव्हे. तारापूरला 1969 पूर्वीची पाटी आता कोरी करून मिळणार नाही. पण जैतापूरला आहे. माडबनच्या सड्यावर प्रत्येकी 1650 मेगावॉटच्या सहा भट्ट्यांची योजना आहे, आणि आज तिथे जांभा दगड, कातळावरचे गवत आणि खाली खाडी आहे. भट्टी व्हावी की न व्हावी यावर माझ्या ओळखीच्या माणसांत दोन तट आहेत, घरातही आहेत. मोजणीच्या बाबतीत मात्र दोन्ही तटांची गरज एकच. झालीच तर तिच्या आधीची नोंद हवी, आणि ती तेव्हा मागून मिळणार नाही.

अशा नोंदीसाठी काय लागेल याचा मी काट्यावरच्या सवयीने हिशेब मांडून ठेवला आहे. सड्यावरची आणि भातखाचरातली माती, पाच विहिरींचे पाणी, खाडीतली कालवे आणि शिंपल्या, साखरी नाट्याला उतरणारी मासळी, एका घरचे गाईचे दूध, त्या साली पिकलेला तांदूळ. पावसाआधी एकदा, पावसानंतर एकदा. प्रत्येक नमुना गावकऱ्यांसमोर तीन भागांत वाटायचा : एक भाभा केंद्राला, एक विद्यापीठाला, एक अणुऊर्जेशी काहीही देणेघेणे नसलेल्या तिसऱ्या प्रयोगशाळेला. प्रत्येक आकड्याजवळ शोधमर्यादा छापायची. आणि कोण काय किती खातो ते घरोघर जाऊन विचारायचे. हे काम स्थानिक महाविद्यालयाची मुले एका उन्हाळ्यात करतील. हा कागद मी तीन ठिकाणी पाठवला. दोन ठिकाणांहून पोच आली. तिसरीकडून उत्तर आले, त्यात लिहिले होते की परिसराची मोजणी सक्षम यंत्रणेमार्फत नियमित होत असून बाहेरच्या नमुन्यांची दखल घेता येत नाही.